तिकीट हातात आले म्हणजे प्रवास झाला नव्हे

रिझर्व्ह बँकेने 24 नोव्हेंबर 2009 रोजी एक परिपत्रक काढले होते. ऑनलाइन पैसे गोळा करून विक्रेत्यांपर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थांनी ग्राहकांचा पैसा आपल्या धंद्याच्या पैशात मिसळू नये, बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवावा, असा त्याचा आशय. मात्र त्यात एक परंतुक होते. पैसे भरताक्षणी वस्तू किंवा सेवा मिळते, अशा व्यवहारांना हे बंधन लागू नव्हते, आणि अशा व्यवहारांचे उदाहरण म्हणून परिपत्रकाने प्रवासाची आणि सिनेमाची तिकिटे दिली होती. म्हणजे तिकीट मोबाइलवर आले की सेवा मिळाली, हिशेब मिटला. सिनेमाचे एक वेळ सोडून देऊ, तो बहुधा त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी असतो. पण विमानाचे तिकीट आठ-दहा महिने आधीही निघते, आणि एवढ्या काळात वेळापत्रक बदलते, आजारपण येते, कधी कधी विमान कंपनीच बंद पडते. तिकीट ही भविष्यातल्या सेवेची पावती आहे. तिलाच सेवा समजण्याच्या या एका गफलतीत ऑनलाइन प्रवास-नोंदणीतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

पुढे 17 मार्च 2020 रोजी अशाच मध्यस्थांसाठी, म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांसाठी, नवी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि आगाऊ पैसे घेऊन सेवा नंतर देण्याचे व्यवहार आपल्या कक्षेत येतात, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले. पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या राखीव खात्यात, ठेवण्याची सक्ती आली. योगायोग असा की आठवड्याभरातच देशात टाळेबंदी लागली आणि विमाने जमिनीवर आली. पण या राखीव खात्याचे संरक्षण ग्राहकाला वाटते तितके लांब पोचत नाही. तुम्ही कार्डाने किंवा यूपीआयने पैसे भरता, ते अ‍ॅग्रिगेटरमार्फत राखीव खात्यात जातात आणि ठरल्या मुदतीत ‘विक्रेत्या’च्या खात्यात उतरतात. इथे विक्रेता बहुतेक वेळा पोर्टलच असते. तिथून पुढे तो पोर्टलचा आणि विमान कंपनीचा आपसातला हिशेब होतो. काही कंपन्यांशी तो ‘आयाटा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सामायिक हिशेबव्यवस्थेतून ठरावीक मुदतीने मिटतो. काही कंपन्यांकडे, विशेषतः स्वस्त दरांच्या, एजंटाला आधीच वॉलेट भरून ठेवावे लागते आणि प्रत्येक तिकिटाचे पैसे त्यातून वळते होतात. लातूर-रत्नागिरीकडच्या छोट्या एजंटाने मोठ्या पोर्टलच्या घाऊक खात्यातून तिकीट काढले असेल, तर साखळीत आणखी एक कडी वाढते. प्रवाशाला मात्र यातले काहीच दिसत नाही. त्याच्या बँकेच्या विवरणात एकच नाव आणि एकच रक्कम असते.

पैसा पुढे जाताना ही साखळी झरझर चालते आणि उलटा फिरताना प्रत्येक कडीवर अडते. विमान कंपनी परतावा एजंटाच्या वॉलेटमध्ये टाकते आणि आपल्यापुरते काम संपले असे मानते. पोर्टल म्हणते, कंपनीकडून अजून आले नाहीत. कंपनी म्हणते, आम्ही दिले, पोर्टलला विचारा. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा सरकारने 7 डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत थकलेले परतावे देण्याचा आदेश काढला. त्यानंतर कंपनीने प्रवाशांना जे कळवले त्यातली एक ओळ फार बोलकी होती: इतर पोर्टलवरून तिकीट काढले असल्यास तुमचा पूर्ण तपशील आमच्याकडे नसण्याची शक्यता आहे, तेव्हा आम्हाला लिहून कळवा. ज्याला विमानात बसवायचे त्याचे नाव कंपनीकडे असते, त्याचे सामान कुठल्या पट्ट्यावर येणार हेही तिला ठाऊक असते. त्याचे पैसे कुठे परत करायचे एवढेच ठाऊक नसते.

टाळेबंदीच्या काळात हीच गोष्ट देशभर घडली. प्रवासी लीगल सेल या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी निकाल दिला. टाळेबंदीतल्या प्रवासासाठी टाळेबंदीतच काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे लगेच परत करावेत आणि एजंटमार्फत काढलेल्या अशा तिकिटांची रक्कम हाती येताच एजंटाने ती तत्काळ प्रवाशाला द्यावी, असे न्यायालयाने बजावले. ‘तत्काळ’ या शब्दाचे पुढे काय झाले, ते केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2024 मधल्या आदेशातून दिसते. त्या आदेशानुसार यात्रा या पोर्टलकडे 2021 मध्ये 36,276 नोंदण्यांचे सुमारे 26 कोटी 25 लाख रुपये परत करायचे बाकी होते. 21 जून 2024 पर्यंत हा आकडा खाली आला, तरी 4,837 नोंदण्यांचे अडीच कोटींहून अधिक रुपये तेव्हाही थकलेलेच होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होऊन तोवर पावणेचार वर्षे होत आली होती. इतर काही मोठ्या पोर्टलांनी आपली रक्कम पूर्ण चुकती केल्याची नोंद याच आदेशात आहे, म्हणजे हे अशक्य नव्हते. आदेशाने यात्राला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पाच माणसे बसवून एकेका प्रवाशाला फोन करायला सांगितले. घेताना ज्या यंत्रणेला काही सेकंद पुरतात, तिला परत देताना माणसे बसवून फोन करावे लागले!

यावर पोर्टलांचे म्हणणे ठरलेले आहे. आम्ही नुसते मध्यस्थ आहोत, पैसा कंपनीकडे गेला, तो तिथून आल्याखेरीज आम्ही कुठून द्यायचा? या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकता येणार नाही. गो फर्स्टने मे 2023 मध्ये उड्डाणे थांबवून दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा एजंटांची वॉलेटमधली रक्कमही अडकली. त्यांतले कित्येक छोटे व्यावसायिक होते. शिवाय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे 2016 पासूनचे नियमच सांगतात की एजंट किंवा पोर्टलमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हे तिचेच नेमलेले प्रतिनिधी. नियम चांगला आहे. पण त्याच नियमांनी एजंटमार्फतच्या परताव्याला कामकाजाचे 30 दिवस दिले होते. ती मुदत कमी करण्याचा मसुदा यायला नोव्हेंबर 2025 उजाडले. शिवाय कायद्याने जबाबदारी एकावर आणि व्यवहारात पैसा दुसऱ्याच्या हातात, अशी विभागणी झाली की प्रवाशाला दोघांच्याही दारात उभे राहावे लागते. पोर्टल नुसते मध्यस्थ असेल, तर त्याने पैशाला हात न लावता तो थेट कंपनीकडे जाऊ द्यावा. पैसा स्वतःच्या नावाने घेत असेल, त्यावर सुविधा शुल्क लावत असेल आणि तिकीट रद्द झाल्यावरही ते शुल्क स्वतःकडे ठेवत असेल, तर परताव्याच्या वेळी ‘आम्ही मधले’ म्हणण्याचा हक्क त्याला उरत नाही.

प्रवास होईपर्यंत तिकिटाचा पैसा ही अनामत आहे असे मानले, तर नियम कसा असावा याचे उत्तर आपोआप मिळते. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. घरखरेदीत वर्षानुवर्षे हेच चालत होते: एका इमारतीसाठी घेतलेला पैसा बिल्डर दुसऱ्या जमिनीत घालायचा आणि ग्राहक हप्ते भरत बसायचा. 2016 च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याची आणि बांधकाम पुढे सरकेल तसतसे काढण्याची सक्ती केली. महारेरा मे 2017 पासून काम करू लागले. त्याने सगळे बिल्डर सज्जन झाले असे कोणी म्हणणार नाही, पण गिऱ्हाइकाचा पैसा हे बिल्डरचे भांडवल नव्हे, हे तत्त्व तरी कागदावर आले. तिकिटाच्या बाबतीत ते अजून आलेले नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. विमान कंपन्या आगाऊ तिकिटांच्या पैशावरच इंधन भरतात आणि पगार देतात. तो पैसा गोठवला तर भाडी वाढतील, नवी कंपनी उभीच राहणार नाही. हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. म्हणूनच विमान कंपनीचा सगळा पैसा उड्डाणापर्यंत कुलपात ठेवा, अशी मागणी मी करणार नाही. पण या आक्षेपातून दुसरीही गोष्ट निघते, ती बोलणारा सहसा बोलत नाही: प्रवासी हा कंपनीचा सावकार आहे, तोही बिनव्याजी आणि बिनतारण. जेट एअरवेजने 17 एप्रिल 2019 रोजी शेवटचे उड्डाण केले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे अवसायन करण्याचा आदेश दिला. गो फर्स्टच्या अवसायनाचा आदेश जानेवारी 2025 मध्ये झाला. अशा वेळी घेणेकऱ्यांच्या रांगेत तारण असलेल्या बँका पुढे असतात आणि तिकीटधारक पार मागे. जगभर कार्डाचे व्यवहार हाताळणाऱ्या बँका मात्र डळमळीत विमान कंपनीचा पैसा प्रवास होईपर्यंत स्वतःच अडवून ठेवतात. धोका बँकेला दिसतो आणि ती आपली सोय पाहते. प्रवाशाला तो दिसत नाही, आणि दिसला तरी त्याच्या हातात काही नसते.

खर्चाचा प्रश्नही वाटतो तेवढा मोठा नाही. ब्रिटनमध्ये विमानप्रवासासह सहली विकणाऱ्यांना ‘अ‍ॅटोल’ परवाना घ्यावा लागतो आणि दर प्रवाशामागे अडीच पौंड एका विश्वस्त निधीत भरावे लागतात. सप्टेंबर 2019 मध्ये तिथली थॉमस कुक बुडाली, तेव्हा परदेशात असलेल्या एक लाख चाळीस हजारांवर प्रवाशांना सरकारी यंत्रणेने घरी आणले आणि ज्यांच्या सहली व्हायच्या होत्या त्यांना संरक्षणानुसार पैसे परत मिळाले. (आपल्याकडची थॉमस कुक ही वेगळ्या मालकीची कंपनी, तिचा त्या बुडण्याशी संबंध नव्हता.) ही व्यवस्था नुसत्या विमानतिकिटाला सहसा लागू होत नाही, हेही खरे. तरीही तिकिटामागे थोडीशी रक्कम वेगळी काढून निधी उभारता येतो, एवढे त्यावरून दिसते. आपल्या पोर्टलांचे सुविधा शुल्क बघता ही रक्कम त्यातूनच निघावी.

मग लोकांनी थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढावे, असाही सल्ला दिला जातो. ज्याला जमते त्याने जरूर काढावे. साखळीतली एक कडी कमी होते. पण कंपनी बुडाली तर थेट ग्राहकही तिथेच अडकतो. शिवाय पोर्टलवर दरांची तुलना होते, कार्डाच्या सवलती मिळतात, विमान आणि हॉटेल एकत्र ठरते. ही सोय घेणारा काही बेसावध नव्हे. उलट ज्या वडीलधाऱ्यांची तिकिटे अमेरिकेतली मुले काढतात किंवा ज्यांची गावातला एजंट काढतो, त्यांना पैसा कोणत्या वाटेने गेला हे कळण्याचा मार्गच नसतो.

आणि परतावा वेळेत प्रवाशापर्यंत पोचवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असे आता कोणी सांगू नये. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले पण त्याच्यापर्यंत पोचले नाहीत, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यावेत, नंतरच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला शंभर रुपये मिळावेत, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्येच ठरवून दिले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेल्वेच्या आयआरसीटीसीने अधिकृत एजंटांकडून काढलेल्या ई-तिकिटांसाठी एक साधी युक्ती सुरू केली: तिकीट रद्द झाले की प्रवाशाच्याच मोबाइलवर परताव्याची रक्कम आणि ओटीपी येतो, आणि तो ओटीपी प्रवाशाने सांगितल्याशिवाय एजंटाला परतावा मिळत नाही. ‘अजून वरून आले नाहीत’ ही सबब तिथे चालत नाही, कारण किती पैसे सुटले ते प्रवाशाला एजंटाच्या आधी कळलेले असते. विमान कंपनीने परतावा वॉलेटमध्ये टाकला त्याच मिनिटाला तसाच एक संदेश प्रवाशाला जावा, आणि पोर्टलने त्यानंतर पाच दिवसांत पैसे दिले नाहीत तर रोजचे शंभर रुपये त्यालाही लागू व्हावेत. एवढ्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. रिझर्व्ह बँक आणि विमान वाहतूक महासंचालनालय यांनी एकत्र बसून एक परिपत्रक काढले तरी भागेल, फक्त त्यात 2009 सारखे परंतुक नको.