एक्सप्लेनर : हेडचं पॅकिंग बदललं, तरी पुन्हा का उडतं? दोष पॅकिंगचा की वाढवलेल्या पंपाचा?

घोडेगावच्या बाजारातून कांदा भरून निघालेला ट्रक नगरच्या दिशेने इमामपूर घाटाला लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये चढ सुरू असतो. टेम्परेचरचा काटा लाल रेषेकडे सरकतो, मागे पांढरा धूर सुटतो आणि गाडी कडेला थांबते. चालक पाण्याचा कॅन काढतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निदान होतं, ‘हेडचं पॅकिंग गेलं.’

अहिल्यानगर जिल्ह्यात कांदा, ऊस, दूध, वाळू, सिमेंट सगळं चाकांवर चालतं. एमएच-16 आणि एमएच-17 पासिंगच्या कितीतरी गाड्यांचे मालक स्वतःच चालक आहेत. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की खेप बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. त्यातही सर्वांत वाईट म्हणजे खर्च करून पॅकिंग बदलायचं आणि काही महिन्यांत ते पुन्हा उडायचं.

असं का होतं? आमचं म्हणणं सरळ आहे. पॅकिंग हा विजेच्या फ्यूजसारखा भाग आहे. फ्यूज उडाला तर नवा टाकण्याआधी लोड कुठे वाढला ते पाहावं लागतं. इंजिनाच्या बाबतीत ते पाहिलं जात नाही.

हेड पॅकिंग नेमकं काय करतं?

इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, त्यात पिस्टन वर-खाली होतात. वर हेड, त्यात वॉल्व आणि नोझल. या दोन लोखंडी भागांच्या मधे जी पातळ चकतीवजा पट्टी बसते ती हेड गॅस्केट, म्हणजेच आपलं पॅकिंग. जुन्या इंजिनांत ती पत्रा आणि तंतुमय पदार्थ मिळून केलेली असे. नव्या इंजिनांत बहुतेक वेळा स्टीलचे अनेक पातळ थर असतात.

एवढ्याशा पट्टीला तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात : जळणाचा दाब, थंड करणारं पाणी आणि ऑइल. तिघांचे रस्ते काही मिलीमीटरच्या अंतरावर असतात. पट्टी एका जागी फुटली की गॅस पाण्यात जातो, नाहीतर पाणी ऑइलमध्ये.

11 टनांचा हिशेब

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. भारी इंजिनांत जळण्याच्या क्षणी दाब 150 बारच्या घरात जाऊ शकतो.

97 मिलीमीटर बोअरचा सिलिंडर धरा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 74 चौरस सेंटिमीटर. 150 बार दाबाला त्या एका सिलिंडरवर हेड वर उचलणारी ताकद होते सुमारे 11 टन. 2000 आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हा दणका मिनिटाला 1000 वेळा बसतो. हेड जागेवर धरून ठेवतात ते फक्त बोल्ट, आणि त्या पकडीतच पॅकिंग टिकतं.

आता दाब फक्त 10 टक्क्यांनी वाढवा. प्रत्येक दणक्यात एक टनाहून जास्त ताकद वाढली. बोल्ट तेच, पॅकिंग तेच.

गाडी ‘वाढवली’ म्हणजे काय केलं?

आपल्याकडे मॉडिफाय म्हणजे केवळ हॉर्न आणि रंगरंगोटी नव्हे. फाळके उंच केले जातात, पाटे वाढवले जातात. मग वाढलेला माल ओढायला इंजिन कमी पडतं, म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं जातं. टर्बोचा दाब वाढवतात, टायमिंग पुढे घेतात. नव्या बीएस-6 गाड्यांत हेच काम लॅपटॉप जोडून होतं, त्याला रिमॅप म्हणतात.

गाडी ओढते, हे खरं. पण जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, जास्त टर्बो म्हणजे जास्त दाब. टायमिंग पुढे घेतलं तर कमाल दाब आणखी वर जातो. घाटात गाडीचा वेग कमी, म्हणजे रेडिएटरला वाऱ्याचा आधार नाही, सगळी भिस्त पंख्यावर. इंजिनाला सर्वांत जास्त थंडावा हवा असतो, तेव्हाच तो सर्वांत कमी मिळतो. हेड तापतं, किंचित वाकतं आणि पकड सुटते.

यात भर घालणाऱ्या दोन सवयी आहेत. पहिली, थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘पाणी मोकळं फिरेल’ असं वाटतं. प्रत्यक्षात अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत येतं. दुसरी सवय, कूलंटऐवजी बोअरचं क्षाराचं पाणी. भांड्यात बसतो तसा खर इंजिनाच्या आत बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही.

कसं ओळखायचं?

- बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होणं.
- रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं किंवा इंजिन सुरू होताच पाइप टणक होणं.
- ऑइलच्या दांडीवर किंवा झाकणाला ताकासारखा पांढरट फेस.
- इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर.
- दोन शेजारच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम कमी.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली असलेलं पाणी 100 अंशांच्या वर असू शकतं आणि झाकण सैल होताच ते वाफ होऊन अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं, तर हेडला तडा जाऊ शकतो.

इंजिन खोलण्याआधी आणखी दोन ठिकाणं तपासायला सांगा. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर पाण्याने थंड होणारा असेल आणि त्याचं छोटं पॅकिंग फुटलं असेल, तरी रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. ईजीआर कूलर फुटला, तरी पाणी कमी होतं आणि पांढरा धूर येतो. या दोन्ही दुरुस्त्यांना हेड उतरवावं लागत नाही.

काम नीट झालं, हे मालकाला कसं कळेल?

पॅकिंग बदलण्यात जुनं काढणं आणि नवं टाकणं हा सोपा भाग आहे. खरं काम मधल्या पायऱ्यांत आहे.

1. हेड पूर्ण थंड झाल्यावरच खोलावं. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत.

2. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजावा. चालणारी मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. अनेक इंजिनांत ती 0.1 मिलीमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे जाडसर केसाएवढी. डोळ्यांनी हे दिसत नाही.

3. हेडला फेस मारण्याआधी दाबाखाली तडा तपासावा. तडा गेलेल्या हेडला फेस मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

4. फक्त हेड नाही, ब्लॉकचा माथाही तपासावा. लायनर असतील तर ते ब्लॉकच्या वर किती आलेत, ते मोजावं. एक लायनर खाली बसला असेल तर नवं पॅकिंग तिथेच उडेल.

5. पॅकिंगची जाडी पाहावी. अनेक डिझेल इंजिनांत पिस्टन किती वर येतो त्यावरून जाडी ठरते आणि पॅकिंगवर भोकं किंवा खाचांची खूण असते. ‘याच मॉडेलचं आहे, बसेल’ हे पुरेसं नाही.

6. बोल्टच्या भोकांत ऑइल-पाणी राहू नये. बंद भोकात द्रव अडकला तर बोल्ट आवळताना ब्लॉकच फुटू शकतो.

7. बोल्ट मध्याकडून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला सुमारे 90 टक्के भाग घर्षणातच जातो, प्रत्यक्ष पकडीला उरतो तो दहावा हिस्सा. त्यामुळे आटे कोरडे किंवा गंजलेले असले, तर हाताला घट्ट लागलेला बोल्ट आतून सैल असतो. जिथे टॉर्कनंतर ठरावीक अंश फिरवायला सांगितलं आहे, तिथे बोल्ट ताणले जातात. असे बोल्ट नवेच टाकावे लागतात.

8. शेवटी टॅपेट सेटिंग, नवं ऑइल व फिल्टर, कूलंट भरून हवा काढणं.

टॉर्क रेंच आहे का आणि हेडचा वाक किती निघाला, हे दोन प्रश्न गॅरेजमध्ये जरूर विचारा. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : पंप टेस्ट बेंचवर लावून कंपनीच्या सेटिंगवर आणला का? तो आणला नाही, तर नव्या पॅकिंगच्या नशिबी जुनंच काम आहे.

अमेरिकेतही हेच शिकायला मिळालं. तिथे डिझेल पिकअप ट्यून करणारे मूळ बोल्ट काढून जास्त मजबूत स्टड बसवतात. पकड वाढते, पण दाब तसाच राहिला तर तो पुढची कमजोर जागा शोधतो : पिस्टन, टर्बो किंवा क्लच. तिथल्या पर्यावरण संस्थेने नोव्हेंबर 2020 मध्ये जाहीर केलं की, सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-यंत्रणा काढून टाकलेली होती. वाढवलेल्या गाडीचा धूर मालकापुरता राहत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे. ओव्हरलोडसाठी कलम 194 मध्ये 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2000 रुपये.

वाहनांचं मॉडेल बाजारात येण्याआधी ज्या मान्यताप्राप्त संस्थांत तपासलं जातं, त्यांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, आपल्याच नगरमध्ये आहे. जे इंजिन इतक्या चाचण्यांतून जातं, त्याचं सेटिंग पुढे रस्त्याकडेला एका स्क्रू-ड्रायव्हरने बदलतं. पीयूसीमध्ये ते पकडलं जाईलच असं नाही, कारण डिझेलची धूर-चाचणी उभ्या गाडीवर होते, घाटात भरल्या गाडीवर नाही.

मग चूक फक्त मालकाची?

नाही. इथेच या प्रश्नाची खरी गाठ आहे. पंप कोणी हौसेने वाढवत नाही.

जिल्ह्यातली ऊसवाहतूक पाहा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या लोणीजवळ उभा राहिला, त्या जिल्ह्यात आजही वाहतुकीचा मोबदला टन आणि अंतरावर ठरतो. हंगाम काही महिन्यांचा. वाहतूकदाराने उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एका खेपेत जास्त टन नेले तरच गणित जुळतं. कांद्याच्या भाड्याचंही तसंच. म्हणजे माल वाढतो, म्हणून फाळका वाढतो, म्हणून पंप वाढतो, म्हणून पॅकिंग उडतं. साखळीच्या सर्वांत शेवटच्या कडीला, म्हणजे ट्रकवाल्याला, सगळा खर्च पडतो.

आणि ही साखळी कुठे तोडता येईल, हे शोधायला नवी यंत्रणा नको. उसाची प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर दोनदा चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. गाडी मर्यादेपेक्षा किती जास्त आली, याची नोंद रोज होतच असते. फक्त ती त्या नजरेने कोणी वाचत नाही.

वजनाच्या पावतीवर गाडीची आरसीवरची मर्यादाही छापली जावी. मर्यादेवरच्या टनाला वाहतुकीचा मोबदला मिळू नये आणि त्याच वेळी मर्यादेतल्या टनाचा दर असा असावा की खेप परवडेल. दर न वाढवता नुसता दंड केला, तर तो भरण्यासाठी पुढच्या खेपेला आणखी एक टन चढेल.

तोवर ट्रकमालकांना एकच सांगणं. पॅकिंग उडालं तर ते जपून ठेवा आणि जळाल्याची काळी खूण कुठे आहे ते मिस्त्रीसोबत बसून पाहा. दोन सिलिंडरच्या मधे असेल, तर संशयाचं बोट आधी दाबाकडे, म्हणजे पंपाकडे जातं. पाण्याच्या वाटेवर गंज आणि खर असेल, तर कूलंटकडे. कारण सापडलं, की मगच नवं पॅकिंग विकत घ्या.