नरक्याची साल

सह्याद्रीच्या रानात नरक्याचं झाड भेटतं. फुलांना असा उग्र दर्प, की पाऊल मागेच यावं. पण त्याच्या सालीत आणि खोडात कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड असतं. पानांतही असतं, थोडं कमी. पेशी दुप्पट होताना डीएनएचा पीळ सोडवणारं विकर ते अडवतं, म्हणून कर्करोगाच्या पेशी मरतात. १९६६ साली मन्रो वॉल यांच्यासह हे द्रव्य एका चिनी वृक्षातून वेगळं काढणारे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे! टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं त्यातूनच आली. आणि आपल्याकडे? नरक्या बुंध्यापासून तोडून पोत्यांतून चोरून नेला जातो. हे थांबलंच पाहिजे. वनखात्याने रोपवाटिकांत नरक्या वाढवावा, लागवडीचा पैसा डोंगरातल्या गावांना मिळावा.