छायालेखकाला एकच ओळ?

परदेशी चित्रपटांची जी परीक्षणे मराठीत लिहिली जातात, त्यांचा एक ठरीव साचा होऊन बसला आहे. आरंभी कथानक, मागोमाग दिग्दर्शकाच्या जीवनदृष्टीची मीमांसा, नंतर नटनटींच्या कामांविषयी दोन परिच्छेद, आणि एवढे सगळे झाल्यावर, पंगत उठल्यानंतर वाढप्याला आठवणीने विडा द्यावा त्याप्रमाणे, एकच ओळ : ‘छायालेखनही सुंदर आहे.’ या ओळीतले ‘ही’ हे अव्यय आम्हांस फार दिवस बोचत आले आहे. अशी ओळ आमच्या लेखणीतूनही उतरलेली आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. दोष दुसऱ्याच्या पदरी बांधून स्वतः नामानिराळे राहण्याचा आमचा विचार नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : चित्रपटाचा अर्थ जेथे प्रकाशानेच सांगितलेला असतो, तेथे तो प्रकाश योजणाऱ्याला डावलून केलेली मीमांसा नुसती अपुरी नव्हे, तर चुकीची ठरते. उदाहरणासाठी जपानकडे वळू. कारण तेथील जुन्या चित्रपटांविषयी आमच्याकडे मोठ्या आदराने लिहिले जाते, आणि हा अन्यायही तेथेच सर्वांत ठळक दिसतो. कुरोसावांचा ‘राशोमोन’ (१९५०), मिझोगुचींचा ‘उगेत्सु’ (१९५३), ओझूंचा ‘उकिगुसा’ (१९५९), इचिकावांचा ‘ओतोतो’ (१९६०). चार दिग्दर्शक आणि चार अगदी भिन्न प्रकृती. परंतु या चारही चित्रपटांचे छायालेखन एकाच गृहस्थाचे आहे. त्यांचे नाव काझुओ मियागावा. ते १९०८ साली क्योतो येथे जन्मले व १९९९ साली निवर्तले. लहानपणी ते काळ्या शाईने चित्रे काढण्याची जपानी कला शिकले होते. एकाच शाईतून असंख्य छटा काढावयाच्या, हे त्या कलेचे मर्म. पुढे १९२६ साली निक्कात्सु या चित्रसंस्थेत त्यांनी प्रवेश केला तो रसायनशाळेच्या दाराने. शाई आणि रसायन, या दोन विद्यांचे पाथेय घेऊन हा मनुष्य कॅमेऱ्यामागे उभा राहिला.

‘राशोमोन’विषयी आमचे परीक्षक काय लिहितात? एका खुनाच्या चार हकीकती, चारही परस्परविरोधी, म्हणून सत्य अगम्य आहे. ठीक. पण एवढे तर संहिता वाचूनही कळले असते! चित्रपटाने हे कसे सांगितले, हा खरा प्रश्न आहे. त्यात तीन स्थळे आहेत आणि तिन्हींचा प्रकाश निराळा आहे. पडक्या वेशीपाशी संततधार पाऊस. न्यायासनासमोरच्या अंगणात लख्ख, सपाट ऊन. आणि रानात पानापानांतून गळणारा कवडसा. ज्या अंगणात सर्व काही स्वच्छ दिसते, तेथेच साक्षीदार आपापल्या सोयीचे बोलतात. आणि ज्या रानात घटना प्रत्यक्ष घडली, तेथे एकही चेहरा पुरता उजेडात येत नाही, डोळ्यांवर ऊन आले तर ओठांवर सावली पडते. सत्याच्या अगम्यतेवर पाने भरून लिहिणाऱ्या परीक्षकाला हा विरोध दिसू नये, याला काय म्हणावे? तो दिसण्यासाठी मियागावांनी दाट रानात आरसे लावून ऊन परावर्तित केले. वेशीवरचा पाऊस करड्या आभाळापुढे दिसेना, तेव्हा पाण्यात काळी शाई मिसळण्यात आली. त्या काळी सूर्यावर कॅमेरा रोखणे वर्ज्य मानीत, भिंगातून एकवटलेल्या किरणांनी फिल्म जळेल अशी भीती असे. मियागावांनी तो रोखला.

याच सूर्याची पुढे एक गोष्ट झाली. ‘राशोमोन’ला १९५१ साली व्हेनिस येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कित्येक वर्षांनी तो दूरचित्रवाणीवर दाखविला गेला, तेव्हा निर्मितिसंस्थेच्या अध्यक्षांची मुलाखतही दाखविण्यात आली. कुरोसावांनी आपल्या आत्मकथनात तिचे वर्णन केले आहे. ज्या संस्थेने हा चित्रपट काढताना कुरकुर केली होती, तिचे अध्यक्ष आता सर्व श्रेय स्वतःकडे घेत होते. कॅमेरा सूर्यावर प्रथम आम्हीच रोखला, अशी प्रौढीही त्यांनी मिरविली. मात्र साऱ्या बोलण्यात दिग्दर्शकाचे नाव नाही, आणि ज्याचा हा पराक्रम त्या मियागावांचेही नाही. कुरोसावांनी ही उणीव भरून काढताना छायालेखकाचे नाव स्पष्टपणे नोंदविले. आमचे परीक्षक या अध्यक्षांना हसतील. परंतु त्यांनी जे केले, तेच आम्ही वर्षानुवर्षे करीत नाही काय? फरक इतकाच की, श्रेयाची माळ आम्ही अध्यक्षांऐवजी दिग्दर्शकाच्या गळ्यात घालतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. कल्पना दिग्दर्शकाची, छायालेखक ती केवळ अंमलात आणतो. या ‘केवळ’वर आमचा कटाक्ष आहे. ‘ओतोतो’ची कथा तायशो काळातली, म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकातली. रंगीत चित्रपटात त्या गेलेल्या काळाची विटकी कळा यावी, ही इचिकावांची इच्छा असेल. पण इच्छेने रंग विटत नाहीत. रंगीत फिल्म धुताना तिच्यातील चांदी काढून टाकण्याची एक पायरी असते. मियागावांनी ती पायरी गाळून चांदी फिल्मवर राहू दिली. त्यामुळे रंग दबले, काळा अधिक गडद झाला आणि एक कुटुंब जणू आठवणीतून पाहिल्यासारखे दिसू लागले. हीच रीत पुढे पाश्चात्त्य छायालेखकांनीही वापरली. रसायनशाळेत ज्याने उमेदवारी केली, त्यालाच ही वाट सुचावी हे स्वाभाविक होते. साधन जेथे नव्याने शोधावे लागते, तेथे ते शोधणाऱ्याला नुसता हुकमाचा ताबेदार म्हणणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आम्ही टाळणार नाही. मियागावांचे काम प्रत्येक दिग्दर्शकापाशी बदलते. मग त्यात त्यांचे स्वतःचे असे काय? ‘उगेत्सु’तील कुंभार फार दिवसांनी घरी परततो तो प्रसंग आठवावा. घर अंधारे, चूल थंड. तो हाका मारीत मागल्या दाराने बाहेर पडतो; कॅमेरा आतूनच त्याच्या चालीबरोबर वळतो; आणि तो घराला वळसा घालून पुन्हा पुढल्या दारात येतो, तो चुलीपाशी जाळ पेटलेला आणि बायको समोर बसलेली! मध्ये दृश्य कोठेही तोडलेले नाही. ती बायको कधीच मरून गेली आहे, हे आपणांस मागाहून कळते. पण आपण पापणी न लवविता पाहत होतो, म्हणून त्या क्षणी तिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून आपल्याला गत्यंतर राहत नाही. आता ‘उकिगुसा’ पाहावा. धो धो पाऊस. अरुंद रस्त्याच्या एका वळचणीखाली नाटकमंडळीचा नायक, समोरच्या वळचणीखाली त्याची रखेली, दोघे एकमेकांना वाटेल तसे बोलत आहेत आणि मध्ये पाण्याचा पडदा. येथे कॅमेरा तसूभरही हलत नाही. वर्षानुवर्षे एकत्र भटकलेली दोन माणसे चार पावलांचा रस्ता ओलांडू शकत नाहीत, हे त्या निश्चलतेनेच कळते. दृश्य लांबविण्याची आवड मिझोगुचींची आणि स्थिर कॅमेऱ्याचा आग्रह ओझूंचा, हे आम्ही मान्य करतो. परंतु दोन्ही ठिकाणी प्रसंगाचा अर्थ ओळखून हात चालविणारा आणि हात आवरणारा एकच आहे. ज्या गवयाला सर्वत्र एकच तान घ्यावयाची सवय असते, त्याला आपण थोर म्हणत नाही; मग छायालेखकाने प्रत्येक ठिकाणी आपलीच सही ठोकावी, अशी अपेक्षा का?

दिग्दर्शकाची मूर्ती उचलून तिच्या जागी छायालेखकाची बसवावी, असे आम्ही सुचवीत नाही. एकाच मूर्तीची पूजा करण्याची ही खोडच सुटावी, एवढे मागणे आहे. चित्रपट पुष्कळांच्या हातून घडतो. ‘अमक्याचा चित्रपट’ हा बोलण्याच्या सोयीचा शब्द आहे, सातबाराचा उतारा नव्हे. आणि यात प्रश्न एका दिवंगत जपानी कारागिराच्या मानापुरता नाही. आपल्या घरांतून मुले आता चित्रपट पाहूनच पुष्कळसे शिकतात. गोष्ट काय आणि ती कोणाची, एवढेच विचारावयाला आपण त्यांना शिकविले, तर त्यांचे डोळे उघडे राहूनही मिटलेलेच राहतील. ऊन कोठून येते, सावली कोणावर पडते आणि का, हे विचारावयास शिकविणे हे परीक्षकाचे काम आहे.

म्हणून आमच्या परीक्षकबंधूंना, आणि त्यांत आम्हीही आलो, एक विनंती आहे. छायालेखनाविषयी लिहावयाचे तर छायालेखकाचे नाव घेऊन आणि प्रकाशाने काय सांगितले ते दाखवून लिहावे. तेवढे पाहिले नसेल, तर ती शेवटची ओळ लिहूच नये.