जुना सीबी रेडिओ की नवा? वजनावर जाऊ नका

"पूर्वीचा माल आता राहिला नाही," हे वाक्य बाजारात रोज कानावर पडते. कापडाच्या पेढीवर बसून मीही ते हजारदा म्हटले असेल. पण अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवर विचारले, "मामू, सीबी रेडिओ जुना घेऊ की नवा? इथे सगळे जुनाच घे म्हणतात," तेव्हा मला थांबावे लागले. रेडिओ हा माझा धंदा नाही, पण माल पारखणे हा आहे. म्हणून चौकशी केली, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरांशी बोललो. जे समजले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

सीबी म्हणजे सामान्य माणसाला आपसात बोलण्यासाठी ठेवलेला रेडिओ. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याला २३ चॅनेल मिळाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर डिझेल कुठे मिळते, पोलीस कुठे उभे आहेत, हे ट्रकवाले त्यावरून एकमेकांना सांगू लागले आणि संचांना तुफान मागणी आली. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल ४० झाली. २३ चॅनेलचा माल ज्यांनी गोदामात भरून ठेवला होता, त्यांना तो मातीमोल भावाने काढावा लागला.

आज त्याच काळातल्या संचांची तारीफ होते. लोखंडी पेटी, जड वजन, ठणठणीत बटणे. हातात घेतले की माल भारी वाटतो. पण व्यापाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. आजीच्या पेटीतली एक साडी शाबूत राहिली, म्हणून त्या काळचे सगळे कापड तसेच होते असे नाही. विरले ते चिंध्यांत गेले, टिकले तेवढेच आपल्या डोळ्यांसमोर आहे. रेडिओचेही तसेच. त्या काळचे रद्दड संच केव्हाच भंगारात गेले.

दुसरा समज असा की जुना संच लांबवर बोलतो. अमेरिकेत साध्या एएम पद्धतीच्या संचाला ४ वॅटची मर्यादा आहे, मग तो जुना असो वा नवा. अंतर ठरते ते मुख्यतः अँटेनावर. या लहरीसाठी पाव लांबीची पूर्ण अँटेना सुमारे पावणेतीन मीटर लागते. ती आखूड केली, नीट जुळवली नाही, तर महागडा संचही मुका होतो, आणि जुळणी फारच वाईट असेल तर शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो.

खरा फरक पेटीच्या आत आहे. २३ चॅनेलच्या संचात लहरी जुळवायला साधारण १४ क्रिस्टल असत. त्यातले एक बिघडले की चार-सहा चॅनेल एकदम बंद. पुढे हे काम पीएलएल चिप करू लागली. ही सुधारणाच होती. मात्र त्या संचांतले सुटे भाग मोठे, पायांचे, पट्टीच्या भोकांतून घालून मागे डाख दिलेले. साध्या डाखणीने कारागीर ते बदलू शकतो. उत्पादन जपानमधून तैवान, फिलिपाइन्स आणि पुढे चीनमध्ये गेले, तसे भाग तांदळाच्या दाण्याहून लहान झाले आणि यंत्राने पट्टीवर बसू लागले. त्यांना गरम हवेचे यंत्र आणि भिंग लागते. अनेकदा कारागीर म्हणतो, पूर्ण पट्टीच बदला. तिची किंमत ऐकली की गिऱ्हाईक नवा संच घेतो.

पण जुन्याचे दुखणेही समजून घ्या. चाळीस वर्षांत आतले कपॅसिटर सुकतात, ट्रकच्या हादऱ्यांनी डाख तडकतात. पीएलएल०२ए सारख्या चिप आता बनत नाहीत. मित्सुबिशीचा २एससी१९६९ हा नावाजलेला ट्रान्झिस्टर बनणे बंद झाला, आणि त्याच नावाचा नकली माल बाजारात आला. भाचा त्यातच फसला. "जुना जपानी, हात न लावलेला" म्हणून चढ्या भावाने संच घेतला. दोन महिन्यांत ऐकू येई, पण याचा आवाज बाहेर जाईना. उघडल्यावर आत नकली ट्रान्झिस्टर निघाला. विकणाऱ्याने हात झटकले.

नव्या संचात हमी असते, हवामानाची चॅनेल असतात, खरखर कमी करण्याची सोय असते. २०२१ पासून अमेरिकेत सीबीवर एफएमलाही परवानगी मिळाली. रस्त्यावर रोजी कमावणाऱ्याला हे कमी नाही.

माझे मत विचाराल तर ज्याच्या ओळखीचा चांगला कारागीर आहे, त्याने जुना घ्यावा, पण पेटी उघडून पाहून, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीत धरून. ज्याला रोज उठून रस्त्यावर जायचे आहे, त्याने हमीचा नवा घ्यावा आणि वाचलेला पैसा अँटेनावर घालावा. मी भाच्याला हेच सांगितले.

विकणाऱ्याने काय बदलले ते आधी सांगावे. कारखानदारांनी आतला नकाशा आणि सुटे भाग बाजारात ठेवावेत. आणि आपल्या कारागिरांच्या मुलांनी डाखणीबरोबर गरम हवेचे कामही शिकून घ्यावे. जुन्या मालाचे मोठेपण एवढेच की तो उघडता येत होता आणि उघडणारा माणूस गल्लीत बसलेला होता. तो माणूस उठून गेला, तर जुना काय आणि नवा काय, दोन्ही भंगारच.