मोटार परत बोलावता येते, सॉफ्टवेअरचे काय?

सॉफ्टवेअर घेताना आपण ‘मान्य आहे’ या चौकटीवर खूण करून मोकळे होतो. त्यामागच्या लांबलचक करारनाम्याचा मथितार्थ बहुधा एवढाच असतो, की माल आहे तसा घ्या, नुकसान झाले तर तुमचे तुम्ही पाहा. या अटीवर मोटार कोण घेईल?

मोटारधंदा मात्र मुळात साळसूद होता असे नाही. १९६५ साली राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले, तोवर अमेरिकेत अपघाताचे खापर चालकावरच फुटत असे. नेडर यांनी गाडीच्या रचनेकडे बोट दाखवले. पुढच्याच वर्षी सुरक्षेचा कायदा आला. मागून धडक बसताच पेट घेणाऱ्या पिंटो गाड्या फोर्डला १९७८ मध्ये परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे सरकारला हा अधिकार मिळायला २०१९ साल उजाडले!

आता सॉफ्टवेअरकडे पाहा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाईलने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिण्याची पाळी आली. कंपनीने फाईल सव्वा तासात मागे घेतली खरी. पण बंद पडलेली यंत्रे अनेक ठिकाणी एकेक करून सुरू करावी लागली, आणि ती हमाली गिऱ्हाइकांच्या माणसांनी केली. डेल्टा या विमान कंपनीने ५० कोटी डॉलरचे नुकसान सांगितले, तेव्हा क्राउडस्ट्राइकच्या वकिलांनी करारातल्या मर्यादेवर बोट ठेवले.

सॉफ्टवेअर गंजत नाही, झिजत नाही. त्यातला दोष बहुधा कारखान्यातूनच आलेला असतो. त्याला ‘दुरुस्ती’ म्हणणे हा मला उदारपणाच वाटतो. अर्थात शेकडो परक्या प्रणालींच्या शेजारी नांदायचे असल्याने त्याची परीक्षा ब्रेकपेक्षा अवघड, हेही खरे.

आता तर मोटारच संगणक झाली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेतल्या २० लाखांवर गाड्यांतला दोष हवेतूनच सुधारायला घेतला. गॅरेजची खेप वाचली, हे उत्तमच. पण ‘आधी विका, मग सुधारा’ ही सॉफ्टवेअरची खोड ब्रेक-स्टिअरिंगला लागली तर? अशा सुधारणेला ‘रिकॉल’ म्हणणे चूक आहे, अशी तक्रार टेस्लाचे इलॉन मस्क यांनी त्याच वर्षी केली होती. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याने तो शब्द सोडला नाही, आणि मला त्याचे मोल वाटते. कारण त्या शब्दापाठोपाठ दोषाची सरकारदरबारी नोंद होते, आणि गाडीच्या मालकाला घरी पत्र येते.