नदीला मार्क किती?

मुलांनो, नदी मोजा म्हटलं तर तुम्ही काय मोजाल? लांबी, रुंदी, खोली, फार तर पाण्याचा वेग. पण काठावर बसून वाटणारा आनंद, पोहण्यातली मजा, आजी-आजोबांपासून चालत आलेले घाटावरचे सण, हे कसं मोजायचं? आणि मोजायचंच कशाला?

कशाला, ते आधी सांगते. अमेरिकेत स्नेक नावाची नदी आहे. आयडाहो आणि ओरेगन या राज्यांच्या सीमेवर तिने सुमारे २,४०० मीटर खोल दरी कोरली आहे. दरीचं नाव हेल्स कॅन्यन, म्हणजे नरकाची घळ! नाव भयंकर, पण जागा बघतच राहावी अशी. नेझ पर्स या आदिवासींची ही जुनी भूमी. खडकांवर प्राचीन चित्रंही आहेत. तिथे मोठं धरण बांधायचं घाटत होतं. वीज किती मिळेल, याचे आकडे तयार होते. दरी बुडाली तर काय गमावणार, तो रकाना मात्र रिकामा. आणि रिकामा रकाना म्हणजे बेरजेत शून्यच की!

लूना लिओपोल्ड या नदीच्या अभ्यासकांनी १९६९ साली हा रकाना भरून पाहिला. आयडाहोतल्या नद्यांवरच्या १२ जागा त्यांनी घेतल्या. प्रत्येक जागेच्या ४६ गोष्टी नोंदल्या: पात्राची रुंदी, पाण्याचा स्वच्छपणा, झाडी, दूरवरचा देखावा, ऐतिहासिक महत्त्व वगैरे. मग सोपा अपूर्णांक! एखादी गोष्ट बाराही जागी सारखी असेल, तर प्रत्येकीला १/१२ मार्क. तीनच जागी असेल, तर त्या तिघींना १/३. एकाच जागी असेल, तर तिला पूर्ण १. जितकं दुर्मीळ, तितके मार्क जास्त.

पण थांबा! एकाच जागी घाण पाणी असेल, तर तिलाही १ मार्क मिळेल ना? मिळेल. वेगळं म्हणजे चांगलंच असं नाही, हे लिओपोल्डही ओळखून होते. म्हणून दरीची भव्यता, दिसणारा देखावा, नदीचा आकार यांची त्यांनी निराळी तुलना केली. त्यात हेल्स कॅन्यन सर्वांत वर आली.

एकट्या तक्त्याने दरी वाचली नाही, बरं का. लोकांनी खटपट केली, खटले झाले. मुळात तिथे धरण हवं का, हेही तपासा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच बजावलं होतं. अखेर १९७५ साली कायदा झाला आणि दरी राखीव झाली.

आता तुमची पाळी. आपल्या नदीवरच्या किंवा ओढ्यावरच्या चार जागा निवडा. मोठ्या माणसांबरोबरच जा, पाण्यात उतरू नका. पाणी स्वच्छ आहे का? सावली आहे का? घाट, देऊळ, दर्गा आहे का? जत्रा भरते का? खेळायला, गप्पा मारायला कोण येतं? चांगल्या गोष्टींचा एक तक्ता करा आणि घाणीचा वेगळा. घाट एकाच जागी असेल तर तिला १, दोन जागी असेल तर दोघींना १/२.

शेवटी घरच्या आजीला विचारा, ‘तू लहान असताना इथे काय चालायचं?’ तिचं उत्तर कुठल्याच रकान्यात बसणार नाही. ते तक्त्याखाली तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. उद्या कुणी तिथे भराव टाकायला निघालं, तर पुढे ठेवायला तुमच्याकडे वही असेल.