शेजाऱ्याला सोबत न्या

मे महिना लागला की रक्तपेढ्यांत खडखडाट होतो. महाविद्यालयांना सुट्टी, चाकरमानी गावी, शिबिरे थंडावलेली. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र सुट्टी नसते. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. याउलट जयंती किंवा नेत्यांच्या वाढदिवशी गल्लोगल्ली शिबिरे भरतात. पण लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. फेब्रुवारीत जमवलेले रक्त मे महिन्यातल्या बाळंतिणीला उपयोगी पडत नाही.

म्हणून रक्तदान वर्षभर विभागले गेले पाहिजे, आणि ते काम फलकांपेक्षा शेजारी चांगले करू शकतो. ‘रक्तदान करा’ या घोषणेपेक्षा ‘रविवारी मी जातोय, येता का?’ हा प्रश्न माणसाला घराबाहेर काढतो. अशक्तपणाची भीतीही ओळखीच्या माणसाच्या अनुभवानेच जाते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुष दर तीन महिन्यांनी, स्त्रिया दर चार महिन्यांनी. एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात.

आग्रह करावा, सक्ती नको. नकारामागे आजार असू शकतो. कारण विचारू नये.

सोसायटीतल्या बारा घरांनी बारा महिने वाटून घेतले, तर मे महिनाही कोणाच्या तरी वाट्याला येईलच.